शाळांना नर्स पुरवणाऱ्या कंपनीचे क्वार्टरचे आकडे कसे वाचायचे? (आरसीएम टेक्नॉलॉजीज)

सांगलीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय त्यामुळे सांभाळून घ्या.

एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) थोडे पैसे अमेरिकन शेअर्समध्ये टाकलेत, त्यात आरसीएम टेक्नॉलॉजीज नावाची एक छोटी कंपनी आहे. नॅसडॅकवर लिस्टेड, ऑफिस न्यू जर्सीत पेनसॉकनला, 1971 पासूनची आहे. तीन धंदे आहेत, हेल्थकेअर स्टाफिंग, इंजिनीअरिंग, आणि लाइफ सायन्सेस-डेटा-आयटी. पण मी घेतली ती हेल्थकेअरसाठी, कारण यांचं हेल्थकेअर म्हणजे हॉस्पिटल कमी आणि शाळा जास्त. शाळांना नर्स, थेरपिस्ट, विशेष मुलांबरोबर दिवसभर राहणारे पॅराप्रोफेशनल असे लोक पुरवतात. न्यूयॉर्क शहराचं शिक्षण खातं हा सगळ्यात मोठा ग्राहक.

आता प्रश्न. 2025 चे तीन क्वार्टर (तिमाही) बघा, रेव्हेन्यू 84.5 मिलियन डॉलर, मग 78.2, आणि नोव्हेंबरात निकाल आला त्यात 70.3. सरळ उतरती कळा दिसतेय. माझे मेव्हणे बँकेत आहेत, ते म्हणतात हा कोविडचा फुगा होता, शाळांना सरकारने वारेमाप पैसे दिले होते ते संपले, आता नर्स कोण घेणार, तू एएमएनचं (हॉस्पिटलला नर्स पुरवणारी मोठी कंपनी) काय झालं ते बघ आणि निघ बाहेर. दुसरीकडे कंपनीच्या कॉन्फरन्स कॉलमध्ये मॅनेजमेंट शाळांची मागणी दमदार आहे म्हणतेय. दोघंही बरोबर कसे असतील?

तिकडची शाळेची व्यवस्था कशी चालते हे माहिती असणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. ही मागणी खरी आहे का, टिकणारी आहे का, आणि धोका असेल तर तो नक्की कुठे आहे. शेअर घ्या-विका असा सल्ला नको, समजून घ्यायचंय.

जमाखर्च

धागा चांगला काढलात. पहिली गोष्ट, शाळेच्या धंद्यात एका क्वार्टरची तुलना आधीच्या क्वार्टरशी करायचीच नाही, मागच्या वर्षीच्या त्याच क्वार्टरशी करायची. 2024 चे चार आकडे घ्या: 71.9, 69.2, 60.4, 76.9. दिसला का आकार? तिसरा क्वार्टर दरवर्षी खाली जातो आणि चौथ्यात परत वर येतो. 2025 चा 70.3 हा 60.4 समोर ठेवा, सोळा टक्क्यांहून जास्त वाढ आहे. पहिला क्वार्टर 71.9 वरून 84.5, दुसरा 69.2 वरून 78.2. म्हणजे तुम्हाला जी उतरती कळा वाटतेय ती कॅलेंडर आहे.

कारण सोपं आहे. न्यूयॉर्कच्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात आणि सप्टेंबरात लेबर डेनंतर (पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतर) उघडतात. जुलै-ऑगस्ट दोन्ही तिसऱ्या क्वार्टरमध्ये. शाळाच बंद तर नर्सचे तास नाहीत, तास नाहीत तर बिल नाही. तरी आकडा शून्य का होत नाही, तर जास्त गरज असलेल्या मुलांसाठी बारमाही कार्यक्रम असतो, न्यूयॉर्कमध्ये त्याला चॅप्टर 683 म्हणतात, डिस्ट्रिक्ट 75 च्या (अशाच मुलांसाठी शहराने चालवलेल्या) शाळांतली बरीच मुलं उन्हाळ्यातही येतात. आणि इंजिनीअरिंगला शाळेच्या सुट्टीशी काही देणंघेणं नाही, ते चालूच असतं.

म्हणून मी असा आकडा बघताना आधी त्या क्वार्टरमध्ये शाळेचे दिवस किती होते ते मोजतो. स्नो डे किती पडले, सुट्ट्या मार्चमध्ये आल्या की एप्रिलमध्ये गेल्या, एवढ्यानेही फरक पडतो. एक बारीक गोष्ट यावेळी लक्षात ठेवा, कंपनीचं आर्थिक वर्ष 31 डिसेंबरच्या जवळच्या शनिवारी संपतं, त्यामुळे 2025 चं वर्ष 3 जानेवारी 2026 ला संपतंय, म्हणजे 53 आठवड्यांचं वर्ष. कोणीतरी म्हणेल एक आठवडा जास्तीचा मिळाला, मज्जा. पण तो आठवडा नेमका नाताळच्या सुट्टीतला आहे, न्यूयॉर्कच्या शाळा 24 डिसेंबर ते 2 जानेवारी बंद. शाळेच्या बाजूला त्या आठवड्यातून जवळपास काहीच मिळणार नाही, उलट ऑफिसचा खर्च आठवडाभराचा जास्त पडेल.

दुसरं, मेव्हण्यांनी एएमएनचं उदाहरण दिलं ते अर्धवट लागू होतं. एएमएन हेल्थकेअरचा रेव्हेन्यू 2022 मध्ये 5.24 बिलियन होता, 2024 मध्ये 2.98 वर आला. क्रॉस कंट्री ही तशीच दुसरी कंपनी, ती 2.81 बिलियनवरून 1.34 वर. हे भयानकच आहे, पण तिथे मुख्य धंदा हॉस्पिटलला ट्रॅव्हल नर्स देण्याचा, कोविडमध्ये तासाचे रेट कुठल्या कुठे गेले होते आणि मग खाली आले. आरसीएमचे आकडे बघा, 2019 ला 191.1 मिलियन, 2020 ला शाळा बंद झाल्या तेव्हा 150.4, 2021 ला 203.9, 2022 ला 284.7, 2023 ला 263.2 आणि 2024 ला 278.4. म्हणजे 2022 मध्ये कोविडची सूज होतीच, एक वर्ष ती उतरली, पण नंतर परत चढ लागला. ज्या काळात हॉस्पिटलवाल्यांचा धंदा अर्ध्यावर आला त्या काळात ही कंपनी जवळपास जागेवर टिकली. यात इंजिनीअरिंगचाही वाटा आहे हे विसरू नका, प्रत्येक निकालात हेल्थकेअरचा आकडा वेगळा दिलेला असतो तोच काढून बघायचा, एकूण आकड्यावरून शाळांबद्दल निष्कर्ष काढायचा नाही.

धोक्याचं नंतर लिहितो, ऑफिसला निघतोय.

एडिसनकर

मी शेअरबाजारातला नाही, पण मागणी खरी आहे का या प्रश्नाचं उत्तर पालक म्हणून देऊ शकतो. माझा मुलगा ऑटिझम स्पेक्ट्रमवर आहे, न्यू जर्सीत सरकारी शाळेत जातो.

इथे शाळेला नर्स किंवा थेरपिस्ट हवा असतो तो हौस म्हणून नाही, कायद्याने द्यावा लागतो. 1975 चा कायदा आहे, 1990 पासून त्याला आयडिया म्हणतात, त्यात प्रत्येक अपंग किंवा विशेष गरजेच्या मुलाला मोफत आणि योग्य शिक्षण मिळालंच पाहिजे असं आहे. त्यासाठी प्रत्येक मुलाचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता शिक्षणाचा लेखी आराखडा बनतो. दरवर्षी मीटिंग होते, टेबलाभोवती वर्गशिक्षक, स्पेशल एज्युकेशनचे शिक्षक, सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, केस मॅनेजर आणि आम्ही दोघं. त्या कागदावर नुसतं स्पीच थेरपी द्या असं लिहीत नाहीत, आठवड्यातून किती वेळा, दर वेळी किती मिनिटं, एकट्याला की गटात, सगळं लिहितात. मुलाबरोबर वन-टू-वन एड किंवा नर्स लागणार असेल तर तेही त्यातच येतं. आणि एकदा ते लिहिलं गेलं की शाळेला माणूस मिळाला नाही हे कारण चालत नाही. दिलं नाही तर पालक तक्रार करतात, सुनावणी होते, बुडालेल्या सेवेची भरपाई द्यावी लागते.

कोर्टाचे दोन निकाल वाचा म्हणजे नर्सची मागणी कुठून येते ते कळेल. 1984 चा टेट्रो खटला, टेक्सासमधली स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) असलेली मुलगी, तिला दर काही तासांनी कॅथेटर लावावा लागायचा, सुप्रीम कोर्ट म्हणालं हे शाळेने करायचं. आणि 1999 चा सीडर रॅपिड्स विरुद्ध गॅरेट एफ., आयोवामधला. लहानपणी मोटरसायकलच्या अपघातात मुलाला मानेखाली लकवा, व्हेंटिलेटरवर, पण बुद्धीने एकदम तल्लख. शाळा म्हणत होती दिवसभर नर्स ठेवायचा खर्च आम्हाला झेपत नाही. कोर्टाने 7 विरुद्ध 2 असा निकाल दिला की खर्च हे कारण नाही, डॉक्टरच लागतो असं काम सोडलं तर बाकीची सेवा शाळेने द्यायचीच. त्या दिवसापासून व्हेंटिलेटर, ट्रॅकिऑस्टॉमी, फीडिंग ट्यूब असलेली मुलं शाळेत यायचा हक्क पक्का झाला. या मुलांबरोबर जी नर्स बसते ती कुठल्याही कोविड फंडातून आलेली नाही.

आणि अशी मुलं वाढतायत. देशात 2022-23 मध्ये साधारण 75 लाख मुलं स्पेशल एज्युकेशनमध्ये होती, सरकारी शाळांतल्या मुलांच्या 15 टक्के. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा ऑटिझमचा अंदाज 2023 च्या अहवालात 36 मुलांमागे एक होता, एप्रिल 2025 मध्ये 31 मागे एक आला. निदान वाढलंय हे त्यातलं मोठं कारण आहे, पण शाळेच्या दृष्टीने निदान झालं की आयईपी आला.

पैशाचं म्हणाल तर केंद्र सरकारने 1975 ला कबूल केलं होतं की अशा प्रत्येक मुलामागे देशातल्या सरासरी दर-विद्यार्थी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत आम्ही देऊ, प्रत्यक्षात 15 टक्क्यांच्याही खाली देतात. बाकी राज्य आणि गावाच्या प्रॉपर्टी टॅक्समधून. त्यात अजून एक अट आहे की डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) आपला स्पेशल एज्युकेशनवरचा खर्च मागच्या वर्षीपेक्षा असाच कमी करायचा नाही, काही ठरावीक अपवाद सोडून. म्हणून बजेट तंग झालं की आधी कला, संगीत, खेळ, वाचनालय यांच्यावर गदा येते, आयईपीवर नाही. आम्ही पालक म्हणून हे बघतो तेव्हा बरं पण वाटतं आणि वाईट पण वाटतं, कारण शेजारच्या मुलाचा बँडचा तास जातो.

स्कूलनर्स_क्वीन्स

एडिसनकर दादांनी छान लिहिलंय. मी मूळची मिरजेची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तिथेच केलं, आता कित्येक वर्षं क्वीन्समध्ये एजन्सीमार्फत वन-टू-वन नर्स म्हणून काम करते. माझी एजन्सी तुम्ही म्हणताय ती नाही, वेगळी आहे, नाव घेत नाही.

तुम्ही क्वार्टर क्वार्टर करताय ना, तो क्वार्टर असा तयार होतो. सकाळी सहाच्या आसपास मी मुलाच्या घरी. त्याच्या गळ्यात ट्रॅक आहे, म्हणजे श्वासासाठी भोक पाडून बसवलेली ट्यूब. आईकडून रात्रीचा रिपोर्ट घ्यायचा, किती वेळा सक्शन करावं लागलं, कफ कसा होता, ताप होता का. मग बॅग तपासायची, सक्शन मशीन चार्ज आहे का, ऑक्सिमीटर, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची), आणि दोन जादा ट्यूब, एक त्याच्याच मापाची आणि एक त्याहून लहान. लहान अशासाठी की ट्यूब निघून आली आणि भोक आकसलं तर त्याच मापाची परत जात नाही. यातली एक गोष्ट जरी नसली तरी मी त्याला बसमध्ये चढू देत नाही, ड्रायव्हरने कितीही हॉर्न वाजवला तरी. पिवळ्या बसमध्ये त्याच्या शेजारी बसायचं, कान सतत श्वासाकडे, कारण हा रडला तरी आवाज येत नाही. वर्गात तो गणित करतो, मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असते. दुपारी जी-ट्यूबमधून (थेट पोटात जाणारी नळी) फीड. तीनला परत बस, घरी सोडलं, आईच्या हातात दिला, सही घेतली. ती सही म्हणजे तुमचं बिल.

आता दुसरी बाजू. मुलगा आजारी पडून घरी राहिला तर माझा दिवस गेला, पगार नाही. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाला तर आठवडाच गेला. एजन्सी कधी दुसऱ्या शाळेत बदली म्हणून पाठवते, कधी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बारमाहीचं काम मिळालं तर ठीक नाहीतर घरी. माझ्या बरोबरच्या चांगल्या चांगल्या नर्स याच कारणाने हॉस्पिटलला गेल्या, तिथे पगार जास्त आणि इन्शुरन्स पण बरा. ज्या राहतात त्या बहुतेक लहान मुलं असलेल्या आया, कारण वेळ शाळेची मिळते, रात्रपाळी नाही, शनिवार रविवार सुट्टी.

म्हणून मागणी आहे का असं विचारलंत तर ती आहेच, रोज सकाळी एजन्सीचा मेसेज असतो की अमुक शाळेत नर्स हवी, तमुक बसवर हवी. नर्स आली नाही तर ते मूल त्या दिवशी घरी बसतं, त्याची आई कामावर जाऊ शकत नाही. मला ते बघवत नाही. तेव्हा कंपनीचा आकडा वाढेल की नाही हे मागणीवर नाही, नर्स किती जमा करता येतात आणि टिकवता येतात त्यावर आहे असं मला वाटतं.

आणि एक अभिमानाची गोष्ट सांगते, अमेरिकेतली शाळेतली नर्स ही पद्धत सुरूच न्यूयॉर्कमधून झाली. 1902 मध्ये लिलियन वॉल्ड या नर्सने हेन्री स्ट्रीटवरच्या आपल्या सेवाकेंद्रातून लीना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळांत महिनाभर पाठवलं. तेव्हा खरूज, डोळे येणं, उवा असल्या कारणांनी मुलांना घरी हाकलायचे आणि मुलं आठवडे आठवडे शाळेबाहेर राहायची. रॉजर्सनी शाळेतच उपचार केले, घरी जाऊन आयांना समजावलं, गैरहजेरी इतकी उतरली की शहराने लगेच आणखी नर्स घेतल्या. मूल शाळेत टिकावं म्हणून नर्स, हे तेव्हापासूनचं आहे.

खालचीबाजू

सगळं पटलं पण थोडं थंड डोक्याने पण बघू. मी या कंपनीत नाही, पण स्टाफिंग कंपन्या बऱ्याच वर्षांपासून बघतोय.

कायद्याने सेवा द्यावीच लागते हे खरं, पण ती एजन्सीमार्फतच द्यावी असं कुठल्याही कायद्यात नाही. शहराने स्वतःच्या पगारावर नर्स भरती केली, युनियनशी नवा करार करून पॅराप्रोफेशनलचा पगार वाढवला आणि रिकाम्या जागा भरल्या, की एजन्सीचे तास कमी. मागणी तीच राहील, पण या कंपनीच्या वाट्याला कमी येईल. एक ग्राहक मोठा असला की हा धोका दुप्पट, एका शहराचा एक करार नव्या अटींवर आला तर सगळं वर्ष बदलतं. शिवाय अशा करारांसाठी एजन्सी अनेक असतात, सोलियंटसारख्या मोठ्या खाजगी कंपन्या शाळांमध्ये आहेत, रेट खाली खेचायला तेवढं पुरतं.

कोविड फंडाचं पण हलकं घेऊ नका. तीन टप्प्यात मिळून साधारण 190 बिलियन डॉलर शाळांना गेले, शेवटच्या टप्प्याचे पैसे कुठे वापरणार हे ठरवायची मुदत 30 सप्टेंबर 2024 ला संपली. त्या पैशातून बऱ्याच डिस्ट्रिक्टनी काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट असे लोक घेतले होते. आयईपीतली नर्स वाचेल, पण सगळ्या मुलांसाठी म्हणून घेतलेला मानसिक आरोग्याचा माणूस वाचेलच असं नाही. सांगलीकर, तुमच्या मेव्हण्यांचा मुद्दा इथे लागू होतो. मात्र मुदत संपल्यानंतरचे 2025 चे तिन्ही क्वार्टर आधीच्या वर्षापेक्षा वर आहेत हेही खरं, म्हणून मी फुगा फुटला असं म्हणणार नाही. जुलै 2025 च्या फेडरल कायद्यात मेडिकेडला (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) कात्री लागलीय, शाळा काही सेवांचे पैसे मेडिकेडकडून परत घेतात, तिथे राज्यांवर ताण येणार, तो दिसायला वेळ लागेल.

सांगलीकर

बाप रे, इतकी माहिती एका दिवसात. सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही मिरजेच्या म्हणजे आमच्या शेजारच्याच, तुमचा प्रतिसाद मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला, आई तर दोनदा वाच म्हणाली.

जमाखर्च, तुमचा धोक्याचा भाग राहिलाय. आणि एक शंका, नर्स मिळत नाहीत म्हणून पगार वाढवावा लागला तर कंपनीचं मार्जिन जाणार ना? मग मागणी वाढून काय उपयोग?

जमाखर्च

आलो.

मार्जिनचं आधी. समजा शाळेला तासाचे 70 डॉलर लावले, नर्सला पगार आणि त्यावरचा पेरोल टॅक्स, इन्शुरन्स धरून 49 गेले, तर ग्रॉस 21, म्हणजे 30 टक्के. आकडे समजण्यापुरते आहेत, पण शाळेच्या धंद्यात ग्रॉस मार्जिन याच्याच आसपास फिरतं. आता नर्सचे दोन डॉलर वाढवले आणि शाळेचा रेट करारात बांधलेला असला तर 19 उरले, 27 टक्क्यांवर आलात. म्हणून करार नवा होतो तेव्हा रेट किती वाढला हे महत्त्वाचं. पण ताई म्हणतात ते जास्त खरं आहे, पगार दोन डॉलर वाढवून जर रिकाम्या राहणाऱ्या जागा भरल्या तर टक्का कमी होऊनही डॉलर जास्त मिळतात, कारण ऑफिसचा खर्च तोच असतो. नर्स सोडून गेली की नवी शोधणं, तिची कागदपत्रं, पार्श्वभूमी तपासणी, शाळेची मंजुरी, यात जो वेळ जातो तेवढ्या काळाचं बिल कायमचं बुडतं. मला विचाराल तर नर्सला नीट पैसे देणं हीच या धंद्यातली सगळ्यात चांगली गुंतवणूक आहे.

आता धोका. माझ्या मते खरा धोका मागणीत नाहीये, वसुलीत आहे. तुम्ही सांगलीचे म्हणजे उसाचं उदाहरण चालेल, ऊस कारखान्याला गेला, वजनकाटा झाला, वहीत रक्कम पण मांडली, पण बिल खात्यात कधी येणार ते कारखान्याच्या हातात, आणि इकडे तोडणीवाल्याचे पैसे मात्र रोखीत द्यायचे. इथे नर्सचा पगार दर आठवड्याला जातो, शहराचं शिक्षण खातं पैसे देणार हे नक्की पण सवडीने देणार. सही जुळली नाही, तासांच्या शीटमध्ये फरक आला, करार नव्याने मंजूर व्हायचा राहिला, की बिल अडकलं. 2023 च्या शेवटी कंपनीचं येणं सुमारे 7 कोटी डॉलर होतं, रेव्हेन्यू 263.2 मिलियन, भागून बघा, 95 ते 100 दिवसांचं येणं झालं. तोवर पगार कुठून द्यायचे, तर बँकेच्या कर्जातून, आणि व्याजदर वर असताना ते महाग पडतं. नफा दिसतो पण हातात पैसा नाही अशी अवस्था होते.

त्यात कंपनीने शेअर बायबॅक (स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) भरपूर केलंय. 2020 च्या सुरुवातीला 1 कोटी 30 लाखांच्या आसपास शेअर होते, 2025 मध्ये 75 लाखांच्या आत आले. त्यामुळे प्रति शेअर कमाई छान दिसते आणि भाव 2020 च्या दीड डॉलरच्या आसपासवरून 2022 मध्ये 20 च्या वर गेला त्यात याचा वाटा आहे. मॅनेजमेंटने स्वस्तात घेतले हे उत्तम केलं, पण येणं अडकलेलं आणि बायबॅक चालू या दोन गोष्टी एकत्र आल्या की कर्ज वाढतं. म्हणून प्रत्येक क्वार्टरला मी इन्कम स्टेटमेंटच्या आधी कॅश फ्लो उघडतो. आणि त्यातही तिसऱ्या क्वार्टरकडे वेगळ्या नजरेने बघतो, शाळा बंद असल्यामुळे नवं बिलिंग कमी असतं, तेव्हा जूनपर्यंतची जुनी बिलं वसूल व्हायला हवीत आणि येणं खाली यायला हवं. तसं झालं तर ठीक. उन्हाळ्यातही येणं तेवढंच राहिलं तर कुठेतरी बिलं वादात अडकलीत असं समजा, आणि कॉलमध्ये त्याबद्दल काय बोलतात ते कान देऊन ऐका.

शेअर कमी असल्यामुळे रोजची उलाढाल पण कमी असते, मार्केट ऑर्डर टाकू नका, लिमिटच टाका, म्हणजे आपला भाव ठरवून.

खालचीबाजू

वसुलीच्या मुद्द्याला अनुमोदन. सरकार बुडवत नाही पण दमवतं. जमाखर्च, चौथ्या क्वार्टरच्या निकालात हेल्थकेअरचा आकडा मागच्या वर्षीच्या चौथ्याशी लावताना तो सुट्टीतला आठवडा वेगळा काढायला हवा, नाहीतर दर आठवड्याची सरासरी उगाच कमी दिसेल.

नर्सिंग_नाशिक

विषयाला थोडं सोडून आहे पण ताईंना विचारते. मी नाशिकला बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहान मुलांच्या वॉर्डात मला सगळ्यात जास्त आवडतं. इथे बसून अशा शाळेच्या नोकरीसाठी अर्ज करता येतो का? एक एजंट म्हणतोय सहा महिन्यांत अमेरिकेत पाठवतो, आधी पैसे भरा.

स्कूलनर्स_क्वीन्स

बाळा, त्या एजंटला एक रुपया देऊ नकोस. सहा महिन्यांत हे होत नाही.

नीट ऐक. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायला एनक्लेक्स-आरएन पास व्हावं लागतं, ती परीक्षा भारतात देता येते. त्याआधी ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याच्या बोर्डाकडे अर्ज करायचा असतो, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, म्हणून राज्य आधी ठरव. शिक्षणाची कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. व्हिसा साधारण ईबी-3 (नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डचा एक गट) मधून, आणि भारतीयांची त्यातली रांग दहा वर्षांहून लांब आहे. जे हॉस्पिटल स्पॉन्सर करतात ते मोठे असतात, शाळेत माणसं देणाऱ्या एजन्सी बहुतेक इथेच राहणाऱ्या, लायसन्स हातात असलेल्या नर्स घेतात. त्यामुळे शाळेची नोकरी हा पहिला टप्पा नाही, इथे आल्यावरचा आहे.

आत्ता तुझ्या हातात काय आहे ते सांगते. पास झालीस की दोन वर्षं तरी लहान मुलांच्या आयसीयूत काम कर, ट्रॅक केअर, सक्शन, जी-ट्यूब, फिट आलेल्या मुलाला सांभाळणं हे हाताला बसलं पाहिजे. शाळेत तुझ्या शेजारी डॉक्टर नसतो, दुसरी नर्स नसते, तू आणि ते मूल, आणि 911 ला फोन लावून ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची सगळी मिनिटं तुझी. पेडियाट्रिकचा अनुभव लेखी घेऊन ठेव, तारखा आणि तासांसकट, सही शिक्का घेऊन, नंतर हॉस्पिटलवाले देताना फार रडवतात. कॉलेजमधून मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्टच्या बंद लिफाफ्यातल्या प्रती कशा मिळतात तेही आत्ताच विचारून ठेव. बाकी काही लागलं तर मला मेसेज कर, शनिवारी माझी सुट्टी असते, निवांत बोलू.